पिल्लू घरात आलंय: शी-शू कुठे आणि शिस्त कशी?

जाईजुई
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातली एक मुलगी आता आमच्याकडे आली आहे. डॉक्टरांच्या अंदाजाने अडीच महिन्यांची. रंग केशरट आणि शेपटी गोल वळलेली, म्हणून नाव जिलबी. पहिली लस आणि जंताचं औषध झालंय. आम्ही पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि बाहेर सध्या धो धो पाऊस.

अडचण अशी की तिला खाली नेलं की ती नुसती हुंगत फिरते, करत काहीच नाही. कंटाळून वर आणलं की दारातल्या पायपुसण्यावर पहिलं काम. सासूबाईंचं देवघर हॉलच्याच कोपऱ्यात आहे. तिथवर अजून मजल गेलेली नाही, पण त्यांचा धीर सुटत चाललाय. नवरा म्हणतो, केलं तिथे नाक घासायचं, गावच्या कुत्र्याला आम्ही असंच शिकवलं. मुलगा म्हणतो डायपर लावू.

दुसरं म्हणजे चावणं. घोटे, गाऊनची कड, मुलाच्या चड्डीची नाडी, काही सोडत नाही. मी घरूनच काम करते, पण मीटिंगा असतात. कुणी मार्ग दाखवेल का?

पावशेर
वाचतोय. आमच्याकडे बोका आहे. रेतीत करतो आणि वर स्वतःच झाकून येतो. (हलकेच घ्या.)

तांबडीमाती
जाईजुई, अभिनंदन. रस्त्यावरची पिल्लं चांगलं घर मिळेपर्यंत मी घरी सांभाळते, त्यामुळे या विषयात हात बऱ्यापैकी भिजलेले आहेत. जरा सविस्तर लिहिते.

आधी हे डोक्यात पक्कं करा की ती हे मुद्दाम करत नाही. अडीच महिन्यांच्या पिल्लाचं मूत्राशय लिंबाएवढं, आणि त्यावर ताबा अजून यायचाय. ढोबळ हिशेब असा सांगतात की जितके महिने वय, तितके तास, फार तर वर एक. तोही झोपेतला किंवा स्वस्थ पडून असतानाचा. जागं आणि खेळत असलेलं पिल्लू अर्ध्या-पाऊण तासातही करतं. त्यामुळे 'तासापूर्वीच तर नेलं होतं' याला काही अर्थ नाही.

करायचं काय, तर चार वेळा अजिबात चुकवायच्या नाहीत: झोपेतून उठल्या उठल्या, जेवल्यावर पाच ते तीस मिनिटांत, खेळ रंगात आला की मध्येच थांबवून, आणि रात्री झोपण्याआधी. झोपेतून उठल्यावर तर चालवत नेऊच नका, उचलून न्या. दारापर्यंतचं अंतर तिला फार लांब आहे.

दर वेळी जागा तीच आणि दोरीही तीच. जागेवर गेलात की झाडासारखे उभे राहा. बोलू नका, फोन बघू नका. ती खाली गेल्यावर नुसती हुंगते, कारण तिच्या दृष्टीने ती सहल आहे. पाच-सात मिनिटांत काही झालं नाही तर वर या, पण वर आल्यावर मोकळी सोडू नका. मांडीवर घ्या किंवा दोरी स्वतःच्या कमरेला बांधा, दहा मिनिटांनी पुन्हा खाली. तुमचा सगळा घोळ त्या मधल्या दहा मिनिटांत होतोय. खाली झालं, की ती उठायच्या आत 'शाब्बास' आणि तोंडात खाऊ. खाऊ खिशात हवा. वर येऊन फ्रीज उघडून दिलात, तर तिला वाटणार हे जिना चढल्याचं बक्षीस.

आणि शू झाली की लगेच वर आणू नका. दोन मिनिटं फिरू द्या. नाहीतर हुशार पिल्लू शिकतं की केलं की मजा संपते, आणि मग धरून ठेवतं.

पायपुसणी सगळी उचला, आजच. मऊ आणि शोषून घेणारं काही पायाखाली आलं की पिल्लाला तीच जागा वाटते. गालिचा, बाथरूमबाहेरचं पटकूर, मुलाने जमिनीवर टाकलेला शर्ट, सगळं एकाच माळेतलं.

खडीसाखर
तांबडीमाती यांना +१००. फक्त पुसायचं कशाने यावरही लिहा. आमच्याकडे कामाच्या मावशी फिनेल ओतून लखलखीत करायच्या, आणि आमचं ध्यान पुन्हा तिथेच!

तांबडीमाती
हो, राहिलंच. फिनेलने आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं, तिच्या नाकाला नाही. शिवाय ओल्या फिनेलवरून चालून पंजे चाटले की ते पोटात जातं, ते वेगळंच. आधी कागदाने टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. मग जनावरांच्या लघवीसाठी मिळतो तो एन्झाइमवाला क्लीनर फवारून थोडा वेळ तसाच ठेवायचा. तो नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं, पण संगमरवर किंवा कोटा असेल तर व्हिनेगर नको, डाग पडतात. ब्लीच ताज्या लघवीवर कधीच ओतू नका, त्या दोन्हींतून डोळे-नाक झोंबणारा वायू तयार होतो.

कोयंडा
मला हे आजकालचे लाड कळत नाहीत. आमच्या वाड्यात कुत्रा होता, कधी घरात घाण केली नाही. एकदा नाक घासलं, वर्तमानपत्राच्या सुरळीचा एक फटका, काम फत्ते. कुत्र्याला कळलं पाहिजे घरात मालक कोण. लांडग्यांच्या कळपात असंच असतं. तुम्ही आधी जेवा, मग त्याला द्या. दारातून तुम्ही आधी जा. आपोआप शिस्त लागते.

पशुवैद्यक_नाशिक
कोयंडा काका, तुमच्या वाड्यातल्या कुत्र्याने घरात केलं नाही, कारण बहुतेक तो घरात राहतच नव्हता. अंगणात झोपायचा, दार सताड उघडं. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटला तो न्याय लागू होत नाही.

लांडग्यांचं म्हणाल तर ती समजूत १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांच्या अभ्यासातून मांडली. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात टाकले तर भांडणारच. पुढे डेव्हिड मीच (Mech) या अमेरिकी संशोधकानेही आधी तीच भाषा वापरली होती, पण रानातल्या लांडग्यांना वर्षानुवर्षं पाहिल्यावर त्यांनीच १९९९ च्या निबंधात लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पोरं. तिथे कुणी लढाई जिंकून 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, होत नाही. आणि कुत्रा तर लांडगाही नाही.

आता नाक घासण्याबद्दल, कारण हे दवाखान्यात मला रोज ऐकावं लागतं. शिक्षा आणि कृती यांत एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की पिल्लाला दोन्हींचा संबंध लागत नाही. तुम्ही पाच मिनिटांनी डबकं पाहता, तिला मानेला धरून नेता. तिला कळतं इतकंच की जमिनीवर डबकं आणि समोर माणूस, हे एकत्र आलं की वाईट होतं. मग ती तुमच्यासमोर करणं बंद करते. म्हणजे सोफ्यामागे, पलंगाखाली करते, आणि खाली नेल्यावर तुम्ही दोरी धरून शेजारीच उभे असता म्हणून तिथेही करत नाही! काही पिल्लं स्वतःची शीही खाऊ लागतात. लोक म्हणतात 'कान पाडते, नजर चुकवते, म्हणजे तिला चूक कळते'. ती घाबरलेली असते, बाकी काही नाही.

करताना रंगेहाथ सापडली तर टाळी वाजवून किंवा 'ए!' म्हणून थांबवा आणि उचलून जागेवर न्या. तिथे उरलेलं केलं तर कौतुक. करून झाल्यावर सापडलं तर गपचूप पुसा.

कोयंडा
ठीक आहे, डॉक्टर तुम्ही. पण फटक्याने आमचा कुत्रा बिघडला नव्हता एवढंच म्हणतो. बाकी चालू द्या.

जाईजुई
सगळ्यांचे खूप आभार. पायपुसणी उचलली. डॉक्टरांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. गप्प बसला, म्हणजे पटलंय.

दोन शंका. लशी पूर्ण झालेल्या नाहीत तर खाली नेणं बरोबर आहे का? आणि बाल्कनीत ट्रे ठेवला तर चालेल का? पावसात माझीच खाली जायची तयारी नसते. मुलगा हट्ट धरून बसलाय की रात्री ती त्याच्याच खोलीत झोपणार.

पशुवैद्यक_नाशिक
लशींचं वेळापत्रक साधारण असं: सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, सोळा आठवडे होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना. खरी भीती पार्व्होची. तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि सॅनिटायझरला दाद देत नाही. म्हणून जिथे अनोळखी कुत्री येतात-जातात ते मैदान, बाग, कचऱ्याची जागा सध्या नको. सोसायटीच्या आतला, फरशीचा, धुता येणारा कोपरा चालेल. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याला तोंड लावू देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, तो माणसांनाही होतो.

पण 'लशी संपेपर्यंत घरात कोंडा' हेही बरोबर नाही. तीन आठवड्यांपासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे बघेल, ऐकेल ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. ही खिडकी बंद झाली की नव्या गोष्टींची भीती बसायला लागते. तर तिला झोळीत किंवा कडेवर घेऊन फिरा. रिक्षा, छत्री, काठीवाले आजोबा, हेल्मेटवाला डिलिव्हरीचा मुलगा, प्रेशर कुकरची शिट्टी, मिक्सर. पुण्यात आहात म्हणून मुद्दाम सांगतो, ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होईलच. मोबाइलवर आधी अगदी बारीक आवाजात ढोल लावा आणि त्याच वेळी जेवण द्या. ती कान टवकारण्यापलीकडे काही करत नसेल तरच आवाज रोज थोडा वाढवा. दिवाळीच्या फटाक्यांसाठीही हेच.

ती रस्त्यावरच्या आईची आहे आणि रेबीजची लस अजून झालेली नाही. दात लागून किंवा नखाने कातडी फुटली, तर 'पिल्लूच तर आहे' म्हणून सोडू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हे मुलालाही नीट समजावून सांगा. लहान मुलं ओरडा बसेल म्हणून लपवतात.

खडीसाखर
हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

तांबडीमाती
बाल्कनीतल्या ट्रेबद्दल माझं मत: आधी ठरवा की ती सोय कायमची आहे की पावसापुरती. कायमची असेल तर खुशाल ठेवा. वयस्कर माणसं किंवा आजारपण असलेल्या घरात तो आधारच असतो. पावसापुरती असेल तर वर्तमानपत्र ठेवू नका, कारण पेपर म्हणजे शू हे एकदा बसलं की सकाळी सासूबाईंच्या हातातून खाली पडलेलं पानही सुटत नाही. ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा हिरवळीचा तुकडा ठेवा, म्हणजे पुढे मातीवर न्यायला सोपं. आमच्या ओळखीत काही घरांत बाथरूमची मोरी शिकवली आहे. तेही जमतं, फक्त दार कायम उघडं ठेवायची सवय घरातल्यांना लागली पाहिजे, आणि ते कुत्र्याला शिकवण्यापेक्षा अवघड.

रात्रीचं: मुलाच्या खोलीत खुशाल झोपू द्या, पण मोकळी नको. पलंगाशेजारी मोठं खोकं किंवा कुंपण, ज्यात ती ताठ उभी राहू शकेल, वळू शकेल, आडवी होऊ शकेल एवढीच जागा. पिल्लू झोपायच्या जागेत सहसा घाण करत नाही. पण जागा प्रशस्त केलीत तर एका टोकाला झोपेल आणि दुसऱ्या टोकाला करेल. झोपायच्या तास-दीड तास आधी पाण्याचं भांडं उचला, दिवसभर मात्र पाणी कमी करू नका. मध्यरात्री कुंईकुंई केली की दिवा न लावता, न बोलता जागेवर न्यायचं आणि परत आणून ठेवायचं. ही पाळी मोठ्या माणसाची. चौथीतला मुलगा उठणार नाही, पैज लावते.

उत्तरध्रुव
इथे जर्मनीत पिल्लाला कोंडून ठेवण्याबद्दल कायदेच कडक आहेत. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडता येत नाही, आणि २०२२ पासून काट्याचे पट्टे वापरून शिकवायलाही बंदी आहे. वर पालिकेला कुत्र्याचा कर भरायचा. आमच्या पिल्लाला हिवाळ्यात बर्फावर पाय ठेवायचा नसायचा, तुमच्याकडे पावसात तसंच असणार. आम्ही फावड्याने बर्फ बाजूला करून गवताचा चौकोन उघडा करायचो. तुम्ही पार्किंगमधला कोरडा कोपरा धरा, पण आधी सेक्रेटरींशी बोलून घ्या.

कोयंडा
सेक्रेटरी मीच आहे आमच्या सोसायटीत. बोलायला या, पण पिशवी घेऊन या. केलेलं उचलणार असाल तर कुणाची हरकत नसते. न उचलणारेच सगळ्यांना बदनाम करतात.

तांबडीमाती
कोयंडा काका, याला मात्र शंभर टक्के अनुमोदन.

पशुवैद्यक_नाशिक
जाता जाता, लिफ्टवरून वाद झालाच तर: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा त्याला लिफ्टमधून नेण्यावर बंदी घालता येत नाही. पण पिल्लू लिफ्टमध्ये खाली ठेवू नका. सगळ्यात जास्त 'अपघात' तिथेच होतात. महापालिकेचा परवानाही काढून टाका, त्याला रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं.

मोरपंखी
चावण्यावर कुणीच बोललं नाही. आमच्याकडे लॅब्रॅडोर आहे, माझ्या दोन साड्या आणि मिस्टरांची लुंगी गेली, म्हणून हक्काने लिहिते.

पिल्लाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात, सुईसारखे. साधारण सात महिन्यांपर्यंत ते पडून बेचाळीस पक्के येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात. भावंडांत वाढणारं पिल्लू जोरात चावलं की समोरचं ओरडून खेळ थांबवतं, त्यातून जोर किती लावायचा हे कळतं. तुमची लवकर वेगळी झाली, तर ते तुम्हाला शिकवावं लागेल. दात लागला की हात झटकू नका, झटकला की तिला तो उंदीर वाटतो. स्थिर राहा, दुसऱ्या हाताने चावायचं खेळणं पुढे करा. तरी सुटली नाही तर उठून खोलीबाहेर जा, अर्धा मिनिट. ओरडून 'आई गं!' केलं तर काही पिल्लं थांबतात, काहींना आणखी चेव येतो. तुमची यातल्या कुठल्या प्रकारची ते दोनदा करून बघा. फ्रीजमध्ये गार केलेलं अख्खं गाजर किंवा ओलं करून गोठवलेलं फडकं द्या, कुणी तरी लक्ष ठेवायला बसलेलं असताना.

आणि संध्याकाळी सातच्या सुमारास घरभर वेड्यासारखी पळत चावत सुटली, तर नव्वद टक्के ती दमलेली असते. पिल्लं दिवसाला अठरा-वीस तास झोपतात. खेळवू नका, खोक्यात ठेवून वर चादर टाका. पाच मिनिटांत घोरेल.

जाईजुई
मोरपंखी, संध्याकाळी सातचं अगदी अगदी! आम्ही तेव्हा तिला दमवायला आणखी बॉल टाकत होतो.

एक नवीन लक्षात आलं. खाली आता बऱ्यापैकी करते, पण शेजारचे काका आले आणि वाकून 'काय गं जिलबे' म्हणाले की उभ्या उभ्या सोडते. ते म्हणतात हिला शिकवलेलं नाही.

पशुवैद्यक_नाशिक
हे वेगळं प्रकरण आहे, शिकवण्याशी संबंध नाही. आनंदाने किंवा दबून शू होते, तिच्या हातात नसतं. ओरडलात तर वाढतं. काकांना सांगा, आल्यावर तिच्याकडे बघायचं नाही, वाकायचं नाही. ती शांत झाली की उकिडवं बसून, तिरकं तोंड करून, छातीखाली खाजवायचं, डोक्यावरून हात नाही. पाहुण्यांची भेट शक्यतो शू झाल्यानंतर. बहुतेकांचं मोठं होता होता जातं.

तांबडीमाती
आता शिस्तीकडे वळायला हरकत नाही. खाऊ म्हणून उकडलेलं चिकन, अंडं किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे, कांदा, लसूण बिलकुल नाही. सासूबाईंना सांगून ठेवा की प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणाही नको.

बसायला शिकवायचं तर खाऊ नाकासमोरून वर, किंचित मागे न्या. नाक वर गेलं की बूड आपोआप टेकतं. टेकलं त्या क्षणी 'शाब्बास' आणि खाऊ. पाठ दाबून बसवू नका, ती तुमच्या हाताला ढकलायला शिकते, बसायला नाही. चार-पाचदा झालं की थांबा, दिवसातून तीन-चार वेळा एवढं पुरतं. सगळ्यांनी शब्द एकच वापरायचा, घरातल्या चौघांनी ठरवून फ्रीजवर लिहा. मग बसल्याशिवाय जेवणाचं ताट खाली येत नाही, बसल्याशिवाय दार उघडत नाही. कोयंडा काकांना हवी असलेली शिस्त अशी येते.

त्याहून मोलाचं म्हणजे बोलावल्यावर येणं. यासाठी एकच नियम पाळा: नावाने बोलावून कधीच रागवायचं नाही, औषध द्यायचं नाही, अंघोळ घालायची नाही. त्यासाठी तुम्ही तिच्याकडे जायचं. बोलावून आली की दर वेळी काही तरी छान मिळालं पाहिजे. उद्या रस्त्यावर दोरी सुटली तर हेच कामी येणार.

खडीसाखर
आम्ही दाराच्या कडीला घुंगरांची माळ बांधली होती. बाहेर नेताना दर वेळी तिचं नाक माळेला लावायचं. मग स्वतः वाजवायला लागली. पुढे कावळा दिसला तरी वाजवायची, ते सोडा.

जाईजुई
घुंगरं आजच बांधते. सासूबाईंच्या पेटाऱ्यात आहेत, त्यांनीच काढून दिली! चार दिवसांपूर्वी त्या तिचं नाव घ्यायला तयार नव्हत्या. आता पनीर कापताना 'बस गं बाई' म्हणून तिला बसवतात, आणि ती फक्त त्यांच्याच सांगण्यावरून बसते. मी म्हटलं तर माझ्या हाताकडे बघते, आहे का काही.

घरात अजून अधूनमधून होतं, बहुतेक माझ्या मीटिंगच्या वेळी.

तांबडीमाती
मीटिंगआधी खाली नेऊन आणा आणि मीटिंगभर खोक्यात किंवा कुंपणात, चघळायला काही देऊन. साधारण सहा महिन्यांपर्यंत अधूनमधून होणारच. सलग काही आठवडे घर कोरडं राहिलं तरच एकेक खोली मोकळी करा, सगळं घर एकदम नको.

चिंचगुळ
थोडं अवांतर, पण इथेच विचारतो. आमचा नर आठ महिन्यांचा, शी-शू व्यवस्थित शिकलेला. अचानक सोफ्याच्या पायाशी आणि पडद्यावर तंगडी वर करायला लागलाय, थोडी थोडी. सगळं विसरला का?

पशुवैद्यक_नाशिक
विसरला नाही, वयात आला. ही आपल्या हद्दीची खूण करणं आहे, मूत्राशय रिकामं करणं नाही. म्हणून थोडं थोडं, उभ्या पृष्ठभागावर. त्या जागा एन्झाइमने धुवा, घरात काही दिवस दोरीवर नजरेसमोर ठेवा, आणि नसबंदीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. त्याने बऱ्याच नरांत हे कमी होतं, सगळ्यांत नाही. पण लघवीत रक्त दिसलं, थेंबथेंब होत असेल किंवा करताना कण्हत असेल तर वाट पाहू नका. सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत धरून दवाखान्यात न्या. उशीर होणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा, आणि तिच्यावर ठळक अक्षरात लिहा काय आहे ते. घरात कोणी तरी उघडतंच.